मिठाला पाणी सुटलं तेव्हा: नेरूळमधल्या एका सागरी टँकचं प्रकरण

"भावोजी, माशांच्या मिठाला पाणी सुटलंय. दोन रात्री निथळत ठेवलं, थोडं कढईत भाजूनही पाहिलं. पण पाण्यात घातल्यावर बादली तांदळाच्या धुवणासारखी पांढरी दिसतेय. टँकमध्ये घालू की नको?"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा हा फोन आला. मी त्यांना एवढंच सांगितलं, "घालू नका, आणि निथळलेलं पाणी फेकू नका." संध्याकाळी ऑफिसातून परस्पर नेरूळला गेलो. त्या बादलीचं पुढे काय झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण पावसाळ्यात आपल्या भागातल्या कुठल्याही सागरी टँकवाल्या घरात, म्हणजे जिथे खास मीठ पाण्यात विरघळवून समुद्री मासे पाळतात तिथे, हेच घडू शकतं. शिवाय वहिनींनी केलेला प्रत्येक उपाय स्वयंपाकघरातल्या मिठासाठी अगदी बरोबर होता. या मिठासाठी तो का चुकला, हे मला नीट मांडायचं आहे.

टँक माझ्या पुतण्याचा आहे. २०० लिटर पाणी, दोन क्लाउनफिश, एक गोबी (हाही छोटा मासाच), एक क्लीनर श्रिंप (कोळंबीचा प्रकार) आणि भरपूर दगड. प्रवाळ नाहीत आणि ठेवायचेही नाहीत. खडकाळ प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, आणि ही गोष्ट पुतण्याने स्वतःहून वाचून ठरवली होती. जूनमध्ये तो शिकायला नागपूरला गेला आणि टँक वहिनींकडे आला. जाताना त्याने एक वही ठेवली होती. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचं, मीठ कुठल्या भांड्याने किती घ्यायचं, माशांना किती चिमटी खाणं द्यायचं, सगळं तीत लिहिलेलं. एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे मिठाच्या बादलीचं झाकण.

ती २० किलोची बादली ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी असायची. झाकण घट्ट बसायला दोन्ही हातांचा जोर लागतो, त्यामुळे ते नुसतं वर टेकवलेलं राहू लागलं. त्यात जूनचा शेवट आणि जुलैचा पहिला आठवडा. नेरूळच्या त्या बाल्कनीत टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत.

मी पोहोचलो तेव्हा बादलीत साधारण १२ किलो मीठ उरलं होतं. वर दोन-तीन बोटं जाडीचा ओलसर थर, हाताला चिकटणारा. त्याखाली बराचसा भाग मऊ ढेकळांचा. चिमटीत धरलं की ढेकूळ फुटून पुन्हा दाणे होत होते. तळाला मात्र दगड. चमच्याने टोकरलं तर खळ्ळ असा आवाज यायचा. वहिनींनी बादली विटेवर तिरकी ठेवून, तळाला सुईने तीन भोकं पाडून, खाली स्टीलचं पातेलं लावलं होतं. पातेल्यात तीनेकशे मिलिलिटर पाणी जमलं होतं. दाट, किंचित पिवळसर, बोटाला तेलासारखं लागणारं.

"आमच्याकडे असंच करतात," वहिनी म्हणाल्या. त्यांचं माहेर उरणकडचं, वडिलांचं मिठागर होतं. मिठागरात मीठ ओढून राशीला लावतात आणि निथळू देतात. जे पाणी निघून जातं ते कडू असतं. ते गेलं की मीठ कोरडं राहतं, आणि ते नीट निथळलं नाही तर तेच मीठ पावसात घरच्या बरणीत पाझरतं. हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मी पातेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. जहर कडू.

ते कडू पाणी म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार, आणि या बादलीच्या बाबतीत कॅल्शियमचेही. मिठागराला सोडियम क्लोराइड हवं असतं, बाकीचं सगळं नको असतं. टँकच्या मिठात मात्र ते बाकीचं मुद्दाम, मोजून घातलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या थोडं वर कॅल्शियम आणि ४०० च्या आसपास पोटॅशियम असतं, शिवाय बायकार्बोनेट, सल्फेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियम. वहिनींनी दोन रात्री जे निथळवलं, त्यासाठीच आपण या मिठाला साध्या मिठाच्या कितीतरी पट पैसे मोजतो. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडे जे फेकतात ते इथे विकत घेतात." अगदी बरोबर.

मुळात हे मीठ ओलं का होतं? शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाझरत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात आणि कॅल्शियम क्लोराइडला त्याहूनही कमी. एवढी कोरडी हवा आपल्या खाडीकाठच्या भागात पावसाळ्यात तर नसतेच, उन्हाळ्यातल्या बहुतेक दिवसांतही नसते. कपाटात ओल शोषायला ज्या पिशव्या टांगतात आणि ज्या पावसाळाभर पाण्याने फुगत जातात, त्यांत कॅल्शियम क्लोराइडच असतं. म्हणजे झाकण उघडं राहिलेली मिठाची बादली ही तशीच एक मोठी पिशवी झाली.

आता वाळवण्याचा प्रश्न. वहिनींनी आधी एक ताटभर मीठ वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत कागद भिजून फरशीला चिकटला. बाहेरची हवा ८५ टक्के आर्द्र असताना पंखा त्या मिठावर पाणीच आणून घालतो. मग त्यांनी बेडरूममध्ये एसी लावून पाहिला. एसीने हवा ५५ टक्क्यांवर आली असेल, पण ३३ अजून खूप लांब. बादलीत तांदळाची पुरचुंडीही होती. ती मी लगेच काढायला लावली, कारण पीठ आणि फॉस्फेट टँकमध्ये जायला नको.

उरला उष्णतेचा मार्ग. हिशेब असा आहे: २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांवर येते. म्हणजे ४५ च्या खाली हे मीठ वाळणारच नाही. आणि ५० च्या आसपासपासून त्यातला सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडून कार्बोनेट होऊ लागतो. मधली फट पाच अंशांची. घरातला ओव्हन एवढ्या नेमकेपणाने चालत नाही, कढई तर नाहीच. त्याच्याही वर, ११७ अंशांना, मॅग्नेशियम क्लोराइडचे स्फटिक स्वतःच्याच पाण्यात वितळतात आणि पुढे त्यांच्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघू लागते. वहिनींना मी विचारलं, "भाजताना काही वास आला का?" त्या म्हणाल्या, "वास नाही, पण डोळे चुरचुरले आणि खोकला आला. मला वाटलं मिठाचा खार उडाला." खिडकी उघडी होती हे बरं झालं. घरातलं नेहमीचं मीठ कढईत भाजून कोरडं करतात ते चालतं, कारण त्यात या गोष्टी जवळपास नसतात. हे मीठ कधीही भाजू नये, मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नये.

पण वाळवता आलं असतं तरी मूळ नुकसान तसंच राहिलं असतं. कोरड्या मिठात कॅल्शियमचा दाणा आणि सोड्याचा दाणा शेजारी शेजारी गप्प बसलेले असतात. ओल आली की दोघं त्या दाट खाऱ्या थेंबात विरघळतात, एकत्र येतात आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे खडू. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तळाचा तो दगड आणि बादलीतलं धुवणासारखं पाणी, दोन्ही त्याचेच. पाणी वाळवून काढता येतं, पण खडू झालेला सोडा परत सोडा होत नाही. म्हणून ओल्या मिठाबद्दल विचारायचा प्रश्न "हे कसं वाळवू?" हा नाही. "यातलं काय शिल्लक आहे?" हा आहे, आणि त्याचं उत्तर मोजूनच मिळतं.

खडूच आहे ना, याची खात्री वहिनींसमोर केली. पांढरं पाणी तासभर स्थिर ठेवलं, वरचं ओतून दिलं, तळाचा गाळ साध्या पाण्याने दोनदा धुतला आणि स्टीलच्या चमच्यात घेऊन त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. चमच्यात फेस उसळला. धुणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पाण्यात उरलेल्या सोड्याचेही बुडबुडे येतात आणि फसायला होतं. दुसरा प्रयोग पातेल्यातल्या कडू पाण्याचा. वाटीभर पाण्यात खायचा सोडा विरघळवून त्यात ते दोन चमचे टाकलं. क्षणात दूध. कॅल्शियम कुठे गेलं होतं ते दोघांनाही दिसलं.

मग मोजमाप. पुतण्याच्या वहीत याच बादलीचे, ती नवी असतानाचे आकडे होते, ते फार उपयोगी पडले: दर हजारी ३५ खारेपणाला अल्कलिनिटी (म्हणजे पाण्यात मुख्यतः सोड्याचा अंश किती, याचं माप) ८.४ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२० पीपीएम (म्हणजे साधारण लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम), आणि १० लिटरला ३८० ग्रॅम मीठ. तिन्ही थरांचे वेगवेगळे नमुने घेतले. आरओच्या पाण्यात विरघळवून प्रत्येक नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) ३५ ला आणला, रात्रभर छोट्या पंपाने फिरवला आणि दुसऱ्या दिवशी तपासला. रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतला, कारण नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तरी ३५ ला चूक राहू शकते.

मधला मऊ थर: अल्कलिनिटी ८.१, कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १३००. घरगुती किटमध्ये कॅल्शियमचा आकडा दहा-वीसने इकडेतिकडे होतोच, तेव्हा हा थर जवळजवळ नव्यासारखा. फक्त १० लिटरला ३८० च्या जागी ३९५ ग्रॅम लागले. म्हणजे वजनात चारेक टक्के पाणी होतं, बाकी काही नाही.

वरचा थर: अल्कलिनिटी ७, मॅग्नेशियम १२४०. मधल्यापेक्षा कमी, पण हाताबाहेर नाही.

तळाचा दगड खलबत्त्यात कुटून घेतला. तो दोन दिवस गढूळ राहिला. अल्कलिनिटी ५.३, कॅल्शियम ३६५, मॅग्नेशियम ११६०. यात दोन वेगळी नुकसानं एकत्र आहेत, आणि ती वेगळी करून बघण्यासारखी आहेत. खडू बनताना अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरली तर कॅल्शियम फक्त २० पीपीएमने उतरतं. इथे अल्कलिनिटी ३.१ ने उतरली, म्हणजे खडूत गेलेलं कॅल्शियम फार तर २२. ते ५५ ने कमी झालं होतं. उरलेलं कॅल्शियम आणि सगळं हरवलेलं मॅग्नेशियम पातेल्यात होतं. खडूचं नुकसान ओलीने केलं, पातेल्यातलं निथळवण्याने.

भाजलेल्या मिठाचाही नमुना केला. अल्कलिनिटी ४.२, आणि गाळ सगळ्यांत जास्त. ते मीठ मी ताबडतोब टाकून दिलं.

एक गोष्ट मला मनापासून लागली. निथळवलं नसतं तर तळाचं मीठसुद्धा वाचवता आलं असतं. पाझरलेलं मीठ आणि त्याचं पाणी दोन्ही एकत्र, अख्खंच्या अख्खं, शंभरेक लिटरच्या ड्रममध्ये विरघळवलं असतं तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळपास जागेवर आलं असतं आणि फक्त अल्कलिनिटी सोडा घालून वर आणावी लागली असती. बादलीत पाणी साचलेलं दिसलं तर ते मिठाचाच भाग आहे असं समजून जपावं. ते उरलेलं ३०० मिलिलिटर पाणी तळाच्या मिठात परत घालावं असा विचार मी केलाही होता. पण पहिल्या रात्रीचं पाणी मोरीत गेलेलं होतं, त्यामुळे प्रमाण काय उरलं ते कळायला मार्ग नव्हता. तळाचं चार किलो आम्ही सोडून दिलं. थोडं थोडं करून भरपूर पाण्याबरोबर सांडपाण्यात घालवलं. कुंड्यांच्या जवळ मात्र नेलं नाही.

वहिनींना ते सोडवत नव्हतं. पूर्ण बादली हजारोंच्या घरात जाते आणि त्यांच्या हातून वाया गेली असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्यांनी पांढरं पाणी पाहून हात थांबवला, विचारलं, त्यामुळे टँक वाचला. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहितो.

टँकमध्ये तोवर एक वेगळाच बिघाड मुरत होता. वहीत मीठ भांड्याच्या मापाने लिहिलेलं होतं. सुटं मीठ भांड्यात दाटून बसतं, ढेकळांमध्ये मात्र पोकळ्या राहतात, आणि जे बसतं त्यातही पाणी. त्यामुळे वहिनींच्या चार पाणीबदलांचं पाणी ३५ ऐवजी २९ च्या आसपास होत गेलं. दर वेळी टँकचा दहावा भाग बदलला, चार वेळा बदलल्यावर टँक ३५ वरून ३३ वर. माशांना त्याने काही झालं नाही, श्रिंपने मात्र त्या आठवड्यात कात टाकून दोन दिवस दगडाआडून तोंड काढलं नव्हतं. त्याचा संबंध लावायचा की नाही हे मी ठामपणे म्हणणार नाही, पण खारेपणा घाईने वर न्यायचा नाही हे तेव्हाच ठरवलं. बाष्पीभवनाने कमी होणारं पाणी काही दिवस साध्याऐवजी खाऱ्या पाण्याने भरलं आणि दोन आठवड्यांत ३३ चं ३५ केलं.

मधला सहा किलोचा थर आम्ही वाळवायच्या फंदात पडलो नाही. वहिनींनी विचारलं होतं, "सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर?" त्याचाही हिशेब मांडला. सहा किलोत चार टक्के म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम पाणी. सिलिका जेल एवढ्या कोरड्या पातळीवर स्वतःच्या वजनाच्या पाचवा हिस्सासुद्धा जेमतेम ओढतं. म्हणजे सव्वा किलोहून जास्त जेल लागेल, आणि ते काम संपेपर्यंत आठवडे जातील. शूजच्या डब्यातल्या दोन पुड्यांनी होणारं ते काम नाही. बंद डब्यातली हवा कोरडी ठेवायला पुड्या ठीक आहेत, तेवढ्याच घातल्या. मीठ दोन-दोन किलोच्या झिपच्या पिशव्यांत हवा दाबून काढून भरलं आणि पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. ओल आत अडकली, पण नवी येणार नाही. वरचं दोन किलो त्याच पिशव्यांत विभागून मिसळलं. त्याने कमी झालेली अल्कलिनिटी भरायला प्रत्येक २० लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आत खायचा सोडा पुरला. तो मीठ पूर्ण विरघळून पाणी स्वच्छ झाल्यावर, वेगळ्या ग्लासात विरघळवून, हळूहळू ओतायचा. बेकिंग पावडर नाही, नुसता सोडा.

भांड्याचं माप बंद केलं. वहिनींकडे फराळाचं पीठ मोजायचा डिजिटल काटा होताच, आता मीठ त्यावर मोजलं जातं आणि शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा. विरघळवण्याची रीतही वहीत नव्याने लिहिली: आधी पूर्ण पाणी, पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर चांगल्या मिठाचाही तळाशी खडू बनतो.

ते आठ किलो दहा आठवडे पुरलं. जुलैअखेर टँकची अल्कलिनिटी ७.४ होती, गणपतीच्या सुमारास ७.९. एका पाणीबदलात हलकी पांढरी झाक आली तेव्हा वहिनींनी फोन न करता बादली रात्रभर फिरवली, सकाळी अल्कलिनिटी तपासली, ७.८ पाहिली आणि मगच पाणी घातलं.

नवी बादली आली ती त्यांनी बेडरूममधल्या लोखंडी कपाटाखाली ठेवली आहे. उघडल्या दिवशीच सगळं मीठ दोन-दोन किलोंच्या पिशव्यांत भरलं, प्रत्येक पिशवीवर तारीख घातली, आणि पहिल्या १० लिटरला किती ग्रॅम लागले ते झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: ३८१.